दोन मिलिमीटरचा अविश्वास

विष्णुपुरी हे नाव मराठवाड्याबाहेरच्या मंडळींनी ऐकलं असेल तर बहुधा धरणामुळे. नांदेडजवळ गोदावरीवर हा प्रकल्प आहे. त्याच्या परिसरात श्री गुरु गोबिंदसिंघजी इंजिनिअरिंग कॉलेज, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, सरकारी मेडिकल कॉलेज अशी विद्येची एक छोटी वसाहतच आहे. आता इंजिनिअरिंगला विष्णुपुरीला जा नाहीतर पुण्याला, पहिल्या वर्षी वर्कशॉप काही सुटत नाही. पुढे जन्मभर कीबोर्डच बडवायचा असला तरीही! आणि ड्रिल मशीनपाशी उभं राहिल्यावर जे पहिलं शहाणपण कानावर पडतं ते असं: भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही. इथे अनडू नाही.

आजचा वीकांताचा लेख या एवढ्याशा वाक्यावर आहे. म्हणजे आहे बंदुकीवर, पण बंदूक म्हणजे तरी काय, एका टोकाला बंद असलेलं लांबलचक भोकच की.

तर प्रश्न असा. समजा तोंडाकडून भरायची, ठासणीची एक जुनी रायफल आहे. दीडशे वर्षं वय. नळी आतून झिजली आहे. पूर्वी शंभर पावलांवरचा नारळ फुटायचा, आता झाडाला लागली तरी नशीब. तिचा नेम परत कसा आणायचा?

उत्तर ऐकून पहिल्यांदा गंमत वाटते. झिजून मोठं झालेलं भोक आणखी थोडं मोठं करायचं! जगभरच्या बंदूक-कारागिरांनी हेच केलं. पण याच्याच जवळची क्रिया, म्हणजे नळीच्या आतून धातू खरवडून काढणं, १८५८ साली आपल्या देशातल्या शिपायांच्या बंदुकांवरही झाली. आणि तिथे हेतू बरोब्बर उलटा होता. नेम घालवायचा होता. गोष्ट या दोन क्रियांची आहे. आधी थोडी पार्श्वभूमी.

ठासणीची बंदूक आपल्या भाषेत अजून लायसन्सशिवाय वावरते आहे. कुणाचा बार फुसका निघतो, कुणी दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवतो, आणि एखादा मुद्दा आपण ठासून सांगतो. मूळ कृती अशी: नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून शिशाची गोळी टाकायची आणि गज घालून ती तळापर्यंत ठासायची. मागे नळीला एक बारीक भोक असतं, त्याला कान म्हणतात. त्या कानातून आत ठिणगी पोचली की बार उडतो. ठिणगी कशी द्यायची यावरून बंदुकांच्या पिढ्या पडल्या. आधी जळती वात लावणारी तोड्याची बंदूक, मग गारगोटीवर चालणारी चकमकीची, आणि एकोणिसाव्या शतकात केपाची. नांदेडच्या सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात गुरु गोबिंदसिंघजींची जी शस्त्रं जपून ठेवली आहेत त्यांत तलवारी, धनुष्यबाणांबरोबर एक तोड्याची बंदूकही आहे. गुरुजींचं निर्वाण नांदेडला १७०८ साली झालं. म्हणजे ठासणीच्या बंदुकीचा एक फार जुना नमुना विष्णुपुरीपासून अगदी हाकेच्या नाही, पण शहर-बसच्या अंतरावर आहे.

अशा बहुतेक बंदुका आतून गुळगुळीत असत, आणि गुळगुळीत नळीची एक जन्मजात अडचण होती. काळी दारू जळली की तिचा निम्म्याहून जास्त भाग घन रूपात मागे राहतो. सोरा, कोळसा आणि गंधक यांचं ते मिश्रण (साधारण ७५, १५ आणि १० टक्के), त्याची राख आणि क्षार नळीला आतून लेपासारखे चिकटतात. पाचसहा बारांनंतर नळी इतकी लिंपली जाते की नेमक्या मापाची गोळी आत जाईचना. ऐन लढाईत नळी धुणार कोण? म्हणून गोळी मुद्दाम लहान ठेवत. इंग्रजांच्या प्रसिद्ध 'ब्राउन बेस' मस्केटचं भोक ०.७५ इंचाचं, आणि गोळी साधारण ०.६९ इंचाची. दोन्हींमध्ये दीड मिलिमीटर मोकळी जागा! गोळी नळीतून सुटताना दोन्ही भिंतींवर ठेचकाळत यायची आणि शेवटची ठेच ज्या बाजूला लागेल त्याच्या उलट दिशेला जायची. शंभर यार्डांवरच्या माणसाला ती लागली तर लागली. दोनशेवर नेम धरणं म्हणजे आकाशात दगड भिरकावणं. (अवांतर: या बंदुकीचा जो सुटसुटीत प्रकार ईस्ट इंडिया कंपनीने स्वतःच्या फौजेसाठी करवला त्याला 'इंडिया पॅटर्न' म्हणत, आणि १७९७ साली खुद्द ब्रिटिश लष्कराने तो उचलला. इंडियाहून ब्रिटनला गेलेलं स्पेसिफिकेशन!)

मग लढाया कशा लढत? एका बंदुकीचा भरवसा नाही, म्हणून शेकडो एकदम उडवायच्या. नेम माणसाचा नसे, रांगेचा असे. कवायती पायदळाचा सगळा डोलारा या तत्त्वावर उभा होता आणि मराठवाड्याने तो फार जवळून पाहिला आहे. लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं. तेव्हा मराठ्यांकडे इब्राहिमखान गारदी होता, जो त्याआधी निजामाकडेच होता आणि बुसीच्या फ्रेंच पद्धतीत तयार झाला होता. पुढच्याच जानेवारीत हीच फौज पानिपतावर उभी राहिली. ११ मार्च १७९५ ला खर्ड्याला (आजचा अहिल्यानगर जिल्हा) निजामाच्या बाजूने रेमंड या फ्रेंच माणसाच्या पलटणी होत्या आणि शिंद्यांच्या बाजूने पेराँच्या. दोन फ्रेंचांनी शिकवलेल्या दोन हिंदी फौजा समोरासमोर. रेमंडने हैदराबादला तोफा-बंदुकांचा कारखाना उभारला होता. त्या भागाला आजही 'गनफाउंड्री' म्हणतात.

हा रेमंड मार्च १७९८ मध्ये वारला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्रजांनी हैदराबादेत त्याच्या हजारो शिपायांची शस्त्रं खाली ठेवायला लावली. निजामाने आपली फौज कोणाकडून शिकवून घ्यायची, हे यापुढे इंग्रज ठरवणार होते. याच वाटेने पुढे 'हैदराबाद कंटिन्जंट' तयार झालं. फौज निजामाच्या नावाने, खर्च निजामाचा, अधिकारी इंग्रज! खर्चाच्या वसुलीसाठी १८५३ च्या तहात वऱ्हाड इंग्रजांकडे गेला तो याच फौजेपायी. तिच्या छावण्या आपल्या भागात हिंगोली, औरंगाबाद (आजचं छत्रपती संभाजीनगर), मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई अशा ठिकाणी होत्या. कुणाच्या हातात कसलं शस्त्र द्यायचं हा प्रश्न म्हणजे तेव्हाचं रोजचं राजकारण होतं. हे लक्षात ठेवा, याच्याकडे परत यायचं आहे.

आता रायफल. नळीच्या आतल्या भिंतीवर पीळ दिलेल्या खाचा कोरल्या, स्क्रूच्या आट्यांसारख्या पण खूपच लांब पिळाच्या, तर गोळी बाहेर पडताना स्वतःभोवती फिरत पडते. फिरणारी वस्तू आपली दिशा सहजासहजी सोडत नाही. भोवरा उभा राहतो तो त्यामुळेच. युरोपात हे तंत्र पंधराव्या-सोळाव्या शतकापासून माहीत होतं. अडचण एकच. गोळीने खाचा पकडायला हव्यात तर ती नळीत घट्ट बसायला हवी, आणि घट्ट गोळी तोंडाकडून ठासायची म्हणजे घाम निघतो. यावर शिकाऱ्यांनी काढलेला उपाय म्हणजे चिंधी. गोळी भोकापेक्षा किंचित लहान घ्यायची आणि तुपट-तेलकट केलेल्या कापडाच्या गोल तुकड्यात गुंडाळून ठासायची. कापड खाचांत दाबलं जातं, गोळीला फिरवतं आणि बाहेर पडल्यावर गळून जातं. कापडाची जाडी पाव ते अर्धा मिलिमीटर. सगळा नेम त्या चिंधीत!

इथेच या विषयाचं मर्म आहे. ठासणीच्या रायफलमध्ये अचूकता ही नळीत नसते आणि गोळीतही नसते. ती दोघींच्या जमण्यात असते. माप बिघडलं की नेम गेला, माप जुळवलं की नेम आला.

माप बिघडतं कसं? लोकांना वाटतं गोळ्या झाडून झाडून नळी झिजते. शिसं मऊ असतं, त्यात चिंधी मध्ये असते. ते लोखंडाला फारसं काही करत नाही. खरे गुन्हेगार दोन. पहिला गज. प्रत्येक बाराला तो तोंडातून आत-बाहेर जातो आणि दर वेळी तोंडाशी एकाच बाजूला घासतो. हजारो फेऱ्यांनंतर तोंड गोल राहत नाही. गोळी नळीला शेवटचा स्पर्श करते तो तोंडाशीच. तिथे एका बाजूने फट असेल तर मागचा वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला कलतं करतो. बाकीची नळी कितीही सुंदर असो, उपयोग शून्य. दुसरा गुन्हेगार गंज. बारानंतर उरलेले क्षार हवेतली ओल ओढून घेतात. संध्याकाळी नळी न धुता बंदूक भिंतीला टांगली की रात्रभरात आत काम सुरू. तेही बहुधा तळाशी, जिथे चिंधी नीट पोचत नाही.

त्यामुळे चांगला कारागीर हातात हत्यार घेण्याआधी मोजायचा. मऊ शिशाचा गट्टू नळीतून हळूच ढकलायचा. त्यावर खाचांचे ठसे उठतात आणि कुठे सैल जातो, कुठे अडतो हे हाताला कळतं. तोंडाशी सैल असेल तर गजाची झीज, मध्येच खरखर असेल तर गंज. म्हणजे आधी डिबगिंग, मग फिक्स. आणि फिक्सही चढत्या क्रमाने.

सगळ्यात स्वस्त उपाय, जाड चिंधी किंवा किंचित मोठी गोळी. नळीला हातही लावायचा नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड न बदलता कॉन्फिगरेशन बदलायचं. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

झीज फक्त तोंडाशी असेल तर नळीचा पुढचा थोडा भाग कापून टाकायचा आणि नवं तोंड काटकोनात, अगदी सम करून घ्यायचं. नळी बोटभर आखूड होते, नेम परत येतो.

आत हलका गंज असेल तर घोटाई. नळीतच वितळलेलं शिसं ओतून एक दट्ट्या तयार करायचा. तो खाचांच्या नेमक्या आकाराचा बनतो. त्याला तेल आणि कुरुंदाची पूड लावून मागे-पुढे फिरवत राहायचं. (अवांतर: धार लावायच्या दगडातला हा कुरुंद आपलाच. इंग्रजी 'कोरंडम' हा शब्द तमिळमधल्या कुरुंदमवरून गेला आहे.)

आणि हे सगळं करूनही भागत नसेल तर शेवटचा उपाय, खाचा नव्याने कोरणं. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत पेनसिल्व्हेनियापासून केंटकीपर्यंत गावोगावच्या कारागिरांचं हे नेहमीचं काम होतं. नळ्या मऊ लोखंडाच्या असत, लवकर झिजत, आणि नवी नळी महाग. लाकडी दांड्याच्या टोकाला करवतीच्या दातासारखं छोटं पातं बसवायचं. जुन्याच खाचांचा पीळ धरून ते ओढायचं. प्रत्येक फेरीत केसाच्या जाडीहून कमी धातू निघतो. खोली वाढवायची तर पात्याखाली कागदाची एक पट्टी सरकवायची, मग आणखी एक. कागद हेच मापनयंत्र! खाचा खोल झाल्या, मग मधले उंचवटे सारखे केले, की नळी पुन्हा नव्यासारखी. फक्त भोक आता मोठं झालं. म्हणून काम संपताना कारागीर गिऱ्हाइकाला गोळ्या पाडायचा नवा साचाही देत असे. तोंडाकडून भरायच्या त्या रायफलींना सरकारी ठरीव माप नव्हतं, प्रत्येक बंदुकीला तिचा स्वतःचा साचा. एकच बंदूक अशी दोन-तीनदा कोरली जाई आणि दर पिढीत गोळी थोडी जाड होई. दुरुस्तीची किंमत भोकाने चुकवायची आणि हिशेब साच्याने जुळवायचा.

भोक मोठं करून नेम परत आणणं म्हणजे हे.

आता दुसरी क्रिया. १८४९ साली मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने अशी लांबट गोळी केली की ती सैल जाते पण बार उडताच तिचा पोकळ बूड फुगून खाचा पकडतो. ठासायला सोपी, आणि नेम रायफलचा! त्यावरून इंग्रजांनी १८५३ ची 'एनफिल्ड' घडवली. भोक ०.५७७ इंच, म्हणजे १४.६६ मिलिमीटर. ३९ इंच लांब नळी, आत तीन खाचा, पीळ इतका सावकाश की गोळी बाहेर पडेपर्यंत अर्धाच फेरा मारते. मागे शिडीसारखी साइट, ९०० यार्डांपर्यंतच्या खुणा असलेली. जुन्या मस्केटच्या शंभर यार्डांशी तुलना करा म्हणजे काय झालं ते कळेल. पहिल्यांदाच साध्या शिपायाला, रांगेला नव्हे, एकट्या माणसाला, लांबवरचा नेम मिळाला.

ही बंदूक १८५७ च्या सुरुवातीला हिंदुस्थानात आली आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पण काडतुसाच्या चरबीची गोष्ट शाळेत शिकताना एक प्रश्न राहून जातो. चरबी हवीच कशाला होती? जुन्या मस्केटच्या काडतुसाला तिची एवढी गरज नव्हती. उत्तर वर आलंच आहे. जमण्यासाठी. एनफिल्डची पहिली गोळी ०.५६८ इंचाची होती, भोकापेक्षा जेमतेम पाव मिलिमीटर लहान. एवढ्या फटीत काजळी साचली की गोळी अडणार. म्हणून काडतुसाच्या कागदाला वंगण लागलं. अचूकतेला माप हवं, मापाला वंगण हवं, आणि वंगण कशाचं हे कोणी सांगेना. उठावाची कारणं इतर अनेक होती. जमिनी, खालसा झालेली राज्यं, पगार, अपमान. पण ठिणगी पडली ती या पाव मिलिमीटरमध्ये. पुढे इंग्रजांनी इथल्या उन्हाळ्यात खुद्द गोऱ्या शिपायांच्या नळ्याही अडकताना पाहिल्या आणि गोळी ०.५५० इंचावर आणली. हे आधी केलं असतं तर, वगैरे प्रश्न इतिहासात विचारू नयेत म्हणतात. असो.

आपल्याकडेही धग पोचली. जून १८५७ मध्ये औरंगाबादला कंटिन्जंटच्या घोडदळाने बंड केलं, १७ जुलैला हैदराबादेत रेसिडेन्सीवर हल्ला झाला, ३१ जुलैला कोल्हापूरची पलटण उठली. आणि याच कंटिन्जंटच्या इतर तुकड्या १८५८ मध्ये ह्यू रोजबरोबर झाशी-काल्पीच्या मोहिमेत इंग्रजांकडून लढल्या. एकाच फौजेतली माणसं, दोन्ही बाजूंना.

उठाव मोडला. मग प्रश्न आला, हिंदी शिपायाच्या हातात आता काय द्यायचं? फौज तर हवी होती. एवढा देश गोऱ्या पलटणींच्या बळावर ताब्यात ठेवणं परवडणारं नव्हतं. पण ९०० यार्डांचा नेम द्यायची छाती होईना. यावर जो तोडगा निघाला तो वर्कशॉपच्या भाषेत एका ओळीत सांगता येतो. एनफिल्डच्या नळीत रीमर घालून तिन्ही खाचा काढून टाका.

यालाच १८५८ चा पॅटर्न म्हणतात. भोक ०.५७७ वरून ०.६५६ इंचावर गेलं. १४.६६ चं १६.६६ मिलिमीटर. बरोबर दोन मिलिमीटर. शिडीसारखी साइट काढून तिच्या जागी एक साधी कायमची खाच. बाहेरून पाहिलं तर तीच एनफिल्ड, तेच लाकूड, तीच केप, तीच संगीन. आतून मात्र शंभर वर्षांपूर्वीची मस्केट. गोरा आणि हिंदी शिपाई परेडवर शेजारी उभे राहिले तर लांबून फरक दिसू नये, आणि समोरासमोर उभे राहिले तर फरक पडावा. आपल्या धंद्यात म्हणतात तसं, हा बग नव्हता, फीचर होतं.

पण लोखंड राजकारण ऐकत नाही. दोन मिलिमीटर भोक वाढलं म्हणजे नळीची भिंत सगळीकडून एक मिलिमीटर पातळ झाली. या नळ्या फुगू लागल्या, संगीन लावून जोर दिला की वाकू लागल्या. भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही! शेवटी १८५९ चा नवा पॅटर्न काढावा लागला. बाहेरून तसाच, पण मुळातच जाड भिंतीची नळी. म्हणजे नेम नसलेली बंदूक खास डिझाइन करून बनवावी लागली. अविश्वासालाही इंजिनिअरिंग लागतं.

हे फक्त एका बंदुकीपुरतं राहिलं नाही. उठावानंतर बसलेल्या पील आयोगाच्या धोरणाने तोफखाना जवळजवळ सगळा गोऱ्यांकडे गेला. डोंगरी तोफखान्याच्या मोजक्या तुकड्या आणि आपल्या हैदराबाद कंटिन्जंटच्या तोफा असे थोडे अपवाद उरले. ब्रिटिश शिपायांना १८७१ ची मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा हिंदी शिपायांकडे आधीची स्नायडर आली. एक पिढी मागे, हा अलिखित नियम पुढे कित्येक वर्षं चालला. आणि फौजेबाहेरच्या लोकांसाठी १८७८ चा शस्त्र कायदा आला, ज्या वर्षी देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवरचा कायदाही आला. लिटनसाहेबांना जीभ आणि बंदूक दोन्हींची सारखीच काळजी होती.

हे सगळं दीडशे वर्षांपूर्वीचं, आता काय त्याचं, असं वाटत असेल तर थोडं थांबा. स्वतंत्र भारताचा १९५९ चा शस्त्र कायदा काढून त्याचं तेरावं कलम वाचा. स्वसंरक्षण किंवा खेळ यासाठी लायसन्स देण्याचा सर्वसाधारण मार्ग कोणत्या बंदुकीला? गुळगुळीत नळीच्या, वीस इंचांपेक्षा आखूड नसलेल्या. आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी? ठासणीच्या बंदुकीला. हो, कायद्यात तिचं स्वतंत्र नाव आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात रानडुकरं आणि माकडांपासून शेती वाचवण्यासाठी ज्यांच्याकडे 'शेतीसंरक्षणा'चं लायसन्स आहे त्या शेतकऱ्यांच्या घरात ती आजही असते, आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करण्याची धावपळही असते. लोकशाही सरकारने नागरिकांच्या शस्त्रांवर बंधन ठेवणं आणि परक्या सरकारने शिपायाचा नेम काढून घेणं या एक गोष्टी नाहीत, हे उघड आहे. मला स्वतःला गल्लोगल्ली रायफली नकोच आहेत. पण रेघ अजून तिथेच आहे, नळीच्या आत. बाहेरून दिसणार नाही अशा जागी.

(आणि कोणी हे वाचून आजोबांची बंदूक खाली काढणार असेल तर एक सूचना. त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो. वर सांगितलेलं काम परवानाधारक कारागिराचं आहे. आपण फार तर वाचावं.)

जुन्या बंदुकांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. शंभर वर्षांवरची बंदूक जर ऐतिहासिक ठेवा म्हणून सांभाळायची असेल तर तिचा नेम परत आणायचाच नसतो. संग्रहालयातली माणसं गंज थांबवतात, लाकडाला कीड लागू देत नाहीत, पण नळीत पातं घालत नाहीत. कारण ती झीज हाच पुरावा असतो. कोणी किती वापरली, कशी ठेवली, धुतली की नाही, हे सगळं आत लिहिलेलं असतं, आणि एकदा खरवडलं की गेलं.

म्हणून कुठे जुनी एनफिल्ड पाहायला मिळाली, आणि तिथल्या जाणकाराने मोजू दिलं, तर भोक एका जागी मोजून थांबू नका. तोंडाशी मोजा, मध्ये मोजा, तळाशी मोजा. वापराने झालेली झीज कधीच सारखी नसते. तोंडाशी एका बाजूला जास्त, तळाशी गंजाचे खड्डे, मध्ये बऱ्यापैकी शाबूत. पण तोंडापासून तळापर्यंत सगळीकडे सारखेच १६.६६ मिलिमीटर भरले, आणि खाचेचा मागमूस नसला, तर ती झीज नाही. ते कोणीतरी टेबलाशी बसून, सहीशिक्क्यानिशी ठरवलेलं आहे. मग नळीची भिंतही मोजा. पातळ असेल तर १८५८, जाड असेल तर १८५९.